पोराचे व्यसन आणि घराचे मौन



यंदाच्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या निजामपुऱ्यातील विहारात रविवारी संध्याकाळी ग्रंथवाचन असते. वाचन संपले, खीर वाटून झाली, मंडळी चपला शोधू लागली, तरी एक बाई खांबाला टेकून बसूनच राहिल्या. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. मालक लूमवर बारा तासांच्या पाळीत, बाई स्वतः चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. सगळे पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, एक काम होतं. माझ्या बहिणीच्या पोराचं हाय. कुठं बोलू नका."

बहीण कल्याणला राहते, असे त्यांनी सांगितले. परंतु तो मुलगा रात्री किती वाजता येतो, उशीखाली काय ठेवतो, त्याच्या पॅन्टच्या चोरखिशात कोणत्या रंगाच्या गोळ्या सापडल्या, हे सारे त्या इतक्या बारकाईने सांगत होत्या की, बहिणीच्या मुलाचे इतके कोणालाच ठाऊक नसते. मी त्यांना टोकले नाही. कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः ठाण्याच्या एका डॉक्टरांसमोर बसून, "माझ्या भावाच्या मुलाला जरा त्रास आहे," असे सांगितले होते.

त्या रात्री घरी गेल्यावर मी मुलाला विचारले, "तुझ्याबद्दल लिहू का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लिहा, पप्पा. फक्त नाव टाकू नका. माझं काही नाही, पण उद्या बहिणीला बघायला लोक येतील." त्याच्या परवानगीने आजचा हा लेख लिहीत आहे.

स्टेजवरचे भाषण आणि टाकीमागच्या बाटल्या

मी बी.कॉम. झालेला कारकून. कापडाच्या एका पेढीवर हिशेब लिहितो. दुसऱ्याच्या वहीतला पाच रुपयांचा फरक मला झोपू देत नाही. पण माझ्याच घरातल्या डब्यातले पैसे कमी होत आहेत, हे आठ महिने माझ्या लक्षात आले नाही. खरे सांगायचे तर लक्षात आले होते, मान्य केले नव्हते.

मुलगा बारावीला एका विषयात राहिला आणि पूर्णा-काल्हेरच्या पट्ट्यात एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला लागला. वय एकोणीस. रात्रपाळी, उभ्याचे काम. तिथे कोणीतरी थकवा जाईल म्हणून खोकल्याच्या औषधाची बाटली हातात दिली. साधे खोकल्याचे औषध नव्हे. ज्यात कोडीन असते ते. नंतर बाटलीच्या जोडीला झोपेच्या गोळ्या आल्या. आपल्याकडची पोरे त्याला 'बटन' म्हणतात.

तो सारखा अंग खाजवायचा. जेवताना ताटावरच पेंगायचा. पोट साफ होत नाही म्हणून त्याची आई त्याला एरंडेल द्यायची. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असायची, पण ते बघायचे असते हे आम्हाला कुठे माहीत! मधूनच एखाद-दोन दिवस नाक गळायचे, जांभयांवर जांभया यायच्या, जुलाब व्हायचे, हाडे मोडून यायची. आम्ही म्हणायचो, साथीचा ताप आहे. ज्या दिवशी बाटली मिळत नसे त्या दिवशी हा 'ताप' यायचा, हे पुष्कळ उशिरा कळले.

त्याच वर्षी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मी व्यसनमुक्तीवर वीस मिनिटे बोललो. टाळ्या पडल्या. हार घेऊन घरी आलो, तर पाण्याच्या टाकीमागे मुलांच्या आईला चौदा रिकाम्या बाटल्या सापडल्या होत्या. त्या पिशवीत भरून, पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती. तिने मला एकच विचारले, "हे पण सांगितलं का स्टेजवर?"

आमच्या हातून झालेल्या चुका

या चुका मी सविस्तर लिहितो, कारण त्या बहुतेक घरांत होतात.

पहिल्याच रात्री मी त्याला पट्ट्याने मारले. दुसऱ्या दिवशी तथागतांच्या मूर्तीसमोर उभे करून शपथ घ्यायला लावली. पंचशीलातले पाचवे शील ज्याला पाळण्यातल्यापासून ठाऊक, त्याला मी तेच पुन्हा पाठ करायला लावत होतो. शपथ तो मनापासून घ्यायचा. पण संध्याकाळी अंग मोडून येऊ लागले की शपथेचे बळ पुरत नसे. मग शपथ मोडल्याची लाज वाटायची, आणि ती लाज विसरायला पुन्हा बाटली.

पुढची चूक त्याची देणी फेडण्याची. पहिल्यांदा साडेचार हजार, मग अकरा, मग मोबाइलवरून काढलेल्या कर्जाचे सव्वीस हजार. लोक दारात येऊ नयेत, चाळीत बोभाटा होऊ नये, एवढाच माझा विचार. गोडाऊनच्या मुकादमाला मी स्वतः फोन करून सांगत असे, "पोराला कावीळ झालीय." नातेवाइकांच्या लग्नांना आम्ही जाणे सोडले. घरात पाहुणा आला की त्याला बाहेर पाठवायचे आणि त्यासाठी हातावर शंभराची नोट ठेवायची. त्या नोटेचे काय होणार हे आम्हाला माहीत होते. म्हणजे व्यसन तो करीत होता आणि त्याची सोय आम्ही करीत होतो.

एका जवळच्या माणसाने सुचवले, "लग्न लावून द्या, अंगावर जबाबदारी पडली की सुधारेल." हे मात्र मुलांच्या आईने ऐकून घेतले नाही. ती म्हणाली, "माझ्याच्यानं आवरत नाही, तो दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यात बांधू?" तिचे हे शहाणपण आठवले की आजही मला तिच्याविषयी आदर वाटतो.

मग गावी आत्याकडे पाठवले. तिथे तीन महिने बरा राहिला. परत आला आणि चौथ्या दिवशी त्याच टपरीवर दिसला. शेवटी कोणी पत्ता दिला म्हणून एका खासगी केंद्रात टाकले. पंचेचाळीस दिवस भेटू दिले नाही. पैसे मात्र आगाऊ घेतले. घरी आला तेव्हा मनगटावर दोरीचे वळ होते आणि तो आमच्याशी बोलायला तयार नव्हता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या आजारालाही लागू आहे, त्यातील कलम ९५ प्रमाणे रुग्णाला साखळीने बांधता येत नाही आणि असे उपचारकेंद्र नोंदलेले असावे लागते, हे मला त्या वळांनंतर वाचायला मिळाले. माता-पित्यांनो, मुलाला कुठेही ठेवण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर रोज येतात का ते विचारा आणि जिथे भेटू देत नाहीत तिथून मुलाला परत आणा.

आणखी एक चूक आमच्या लक्षातच आली नव्हती. धाकटी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. तिच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी त्याच्या देण्यात घातले. ती काही बोलली नाही. मंडळाच्या पोरांकडून जुनी पुस्तके आणून ती मोरीच्या कट्ट्यावर बसून अभ्यास करायची, कारण घरात एकतर भांडण असायचे नाहीतर रडणे. एक दिवस तिने विचारले, "पप्पा, मी पण काहीतरी घेतलं असतं, तर माझ्याकडे बघितलं असतं का?" पट्ट्याचा मार मुलाला किती लागला मला ठाऊक नाही. हा प्रश्न मला लागला.

"आता बोलू"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी ठाण्याच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, तो भावाचा नाही. माझा मुलगा आहे." ते म्हणाले, "बसा. आता बोलू."

त्यांनी जे समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. कोडीन हे अफूच्याच कुळातले. पोटात गेल्यावर त्याच्या काही भागाचे शरीरातच मॉर्फीन होते. रोज घेत गेले की मेंदूला त्याची सवय जडते आणि ते मिळाले नाही की शरीर बंड करते. जुलाब, जांभया, हाडे मोडणे हे ते बंड. त्या वेळी माणूस मजेसाठी घेत नाही, त्रास थांबावा म्हणून घेतो. म्हणून नुसते ओरडून, मारून हा आजार जात नाही. औषधे देऊन पहिले आठ-दहा दिवस सुसह्य करता येतात. काही रुग्णांना पुढे बराच काळ ब्यूप्रेनॉर्फिनसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागते. हे एका नशेऐवजी दुसरी नशा देणे आहे असे समजून घरच्यांनी ते मध्येच बंद करू नये.

एक धोक्याची गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू किंवा रोज घेतल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या घरच्या घरी, कोंडून, एकदम बंद करू नयेत. फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. दारूच्या बाबतीत पहिले तीन-चार दिवस फार जपण्याचे. ही बंदी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी.

मग डॉक्टरांनी विचारले, "मुलाचं औषध आपण सुरू करू. तुम्ही दोघं केव्हा येणार?" मला वाटले, बिलाचे विचारत आहेत. ते म्हणाले, "तुमच्या उपचाराचं विचारतोय."

मुक्तांगणाने शिकवलेली गोष्ट

हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. १९८० नंतरच्या काळात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली. झोपडीतली आणि बंगल्यातली, दोन्हीकडची तरुण पोरे तिच्यात सापडली. लेखक डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांत फिरून त्यांच्याविषयी लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक मदत दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. केंद्राचे काम त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे नेले.

तिथे रुग्णाला 'रुग्णमित्र' म्हणतात. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार असतो. पूर्वी स्वतः व्यसनात असलेली आणि त्यातून बाहेर आलेली माणसे तिथे नव्याने आलेल्यांना आधार देतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, अनिताताईंनी रुग्णाबरोबर त्याच्या घरालाही उपचारात आणले. रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट सुरू झाला. नवऱ्याने दारू सोडो वा न सोडो, तिच्या मनावरचे ओझे उतरले पाहिजे, तिला बोलायला जागा पाहिजे, हा त्यामागचा विचार.

हाच अनुभव साता समुद्रापार दुसऱ्यांनाही आला होता. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारूड्यांची स्वमदत संघटना निघाली. तिच्या संस्थापकांपैकी बिल विल्सन यांच्या पत्नी लॉइस यांच्या लक्षात आले की, नवऱ्याने दारू सोडली तरी आपला संताप, आपला संशय सुटलेला नाही. त्यातूनच १९५१ साली 'अल-अनॉन' ही घरच्या माणसांची वेगळी संघटना उभी राहिली. मुंबईत वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. आपल्या शेजारी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय तर १९०१ पासूनचे. म्हणजे भिवंडीहून एस.टी.च्या अंतरावर मदत आहे. जात नाही ते आपणच.

२०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने देशभर केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे फक्त एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचे तीत आढळले. बाकीचे सदतीस कुठे असतील? दवाखाना लांब असेल, पैसा नसेल, हे खरेच. परंतु त्यातल्या पुष्कळांना त्यांच्या घरांनी माझ्यासारखे झाकून ठेवले असेल, असे मला वाटते.

आम्ही काय बदलले

मुलाला ज्या ठिकाणी ठेवले त्याचे नाव इथे देत नाही. एका घराचा अनुभव म्हणजे जाहिरात होऊ नये. तो आत होता त्या काळात आम्हा दोघांनाही दर आठवड्याला बोलावत. पालकांच्या त्या बैठकीत एक रिक्षावाले होते, एक शाळेतल्या बाई होत्या, एक यंत्रमागाचे मालक होते. धर्म वेगळे, जाती वेगळ्या, पण दुखणे एकच. मी आयुष्यभर माईकवर बोललो. त्या बैठकीत पहिल्यांदा ऐकले. तिथे शिकलेल्या आणि घरी पाळलेल्या गोष्टी अशा:

पैसा हातात द्यायचा नाही, पण जेवण आणि अंथरूण कधी तोडायचे नाही. "घरातून चालता हो" हे शब्द आम्ही बंद केले. त्याचबरोबर "तू म्हणशील ते" हेही बंद केले.

त्याचे देणे त्याने फेडायचे. राहिलेले सात हजार त्याने पुढे पगारातून दरमहा पाचशे करून फेडले. चौदा महिने लागले. वहीत मी फक्त नोंद करीत होतो.

खोटे बोलायचे नाही. मुकादमाला मी खरे काय ते सांगितले. त्याने कामावरून काढले, हे खरे, पण त्याच मुकादमाने सहा महिन्यांनी निरोप पाठवला, "पोरगा बरा असंल तर दिवसपाळीला पाठवा."

रोजची झडती बंद केली. पूर्वी तो आला की तोंडाचा वास घे, खिसे चाचप, डोळ्यांत बॅटरी मार, असे चालायचे. त्यापेक्षा ठरलेल्या दिवशी डॉक्टरांकडे तपासणी, आणि घरी मात्र "जेवलास का?" एवढेच विचारायचे. हे लिहायला सोपे आहे. मुलांच्या आईला ते जमायला वर्ष गेले. मला अजून पुरते जमत नाही.

मुलीचा वाटा वेगळा काढला. तिच्या फीचे पैसे तिच्या नावाच्या पासबुकात गेले. रविवारची सकाळ तिची, म्हणजे त्या वेळी घरात भावाचा विषय काढायचा नाही, असे तिनेच ठरवून घेतले.

आणि नवरा-बायकोने एकमेकांना दोष देणे थांबवले. "तुझ्या लाडाने बिघडला" आणि "तुमचं लक्ष समाजात, घरात कुठे?" ही दोन वाक्ये आमच्या घरात रोज व्हायची. तिच्या वाक्यात तथ्य होते, ते मी कबूल केले.

पुन्हा घसरला तेव्हा

सगळे सुरळीत झाले असे वाचकांना वाटले असेल. तसे झाले नाही. सातव्या महिन्यात तो पुन्हा घसरला. मित्राच्या हळदीला गेला आणि दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो दाराबाहेर उभा. म्हणाला, "पप्पा, परत झालं."

या वेळी मी पट्टा काढला नाही. मनात आले नव्हते असे नाही. पण बैठकीत ऐकले होते की, या आजारात पुन्हा घसरण होते, ती धरूनच चालावे लागते. मधुमेहाच्या माणसाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही. का वाढली ते बघतो आणि दवाखान्यात नेतो. मी म्हणालो, "आत ये. उद्या डॉक्टरांकडे जाऊ." त्या रात्री तो पहिल्यांदा आमच्यासमोर रडला. पूर्वी घसरला की दीड-दोन महिने लपवायचा, या वेळी तिसऱ्या दिवशी स्वतः सांगितले. डॉक्टरांनीही ते सुधारणेचेच लक्षण मानले.

पुन्हा घसरण्यात मोठा धोका असतो, तोही सांगतो. अफूच्या कुळातले व्यसन काही महिने सुटल्यावर शरीराची सहन करण्याची ताकद कमी झालेली असते. मुलगा जुन्या सवयीने जुनाच डोस घेतो आणि श्वास मंदावतो. वर झोपेच्या गोळ्या किंवा दारू असेल तर अधिकच. हाक मारून जागा होत नाही, घोरल्यासारखा आवाज येतो, ओठ निळे पडतात, असे दिसले तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि काय घेतले आहे ते डॉक्टरांना खरे सांगा.

पोलिसांची भीती अनेकांना दवाखान्यापासून दूर ठेवते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. आणि 'अल्प' किती, हेही मुलांना माहीत असावे. एम.डी.ची म्हणजे मेफेड्रोनची मर्यादा २ ग्रॅम आहे. ५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी प्रमाण धरले जाते आणि शिक्षा किमान दहा वर्षे. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने आपल्या भिवंडीतल्याच एका फ्लॅटमधून सुमारे ८०० कोटी रुपये किमतीचे द्रवरूप एम.डी. पकडले. माल बनवणारे फ्लॅटमध्ये बसतात. पुडी पोहोचवायला पाचशे रुपयांच्या आमिषाने आपली पोरे वापरली जातात.

समाजाने काय करावे

अंगुलिमालाची कथा आपण वर्षावासात ऐकतो. तथागतांच्या भेटीने त्याने शस्त्र टाकले, इथपर्यंत सारे रंगून ऐकतात. पुढचा भाग घाईने वाचला जातो. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला, तेव्हा लोकांचे दगड त्याला लागले. डोके फुटलेले, पात्र फुटलेले, चीवर फाटलेले अशा अवस्थेत तो परत आला. बदललेल्या माणसाला असे सोसावे लागते, हे तथागतांनी जाणले आणि त्याला धीर दिला. आपण त्या कथेत स्वतःला नेहमी तथागतांच्या बाजूला बसवतो. माझा मुलगा बरा होऊन पहिल्यांदा विहारात आला, तेव्हा दोघांनी आपल्या पर्सवर हात ठेवला. ते त्याने पाहिले. मीही पाहिले.

ज्या विहारात माणूस आपले दुःख सांगायला कचरतो, त्या विहारात पाचव्या शीलावर कितीही भाषणे झाली तरी काय उपयोग? दुःख आहे, त्याला कारण आहे आणि त्यातून मार्ग आहे, हे आपल्याला शिकवले गेले आहे. पहिली पायरी 'दुःख आहे' असे म्हणण्याची. आम्ही तीच दीड वर्ष टाळली.

आज मुलगा तेवीस वर्षांचा आहे. त्या घसरणीला तीन वर्षे होत आली. दिवसपाळी करतो, बारावीचा राहिलेला विषय सोडवला. या लेखाच्या मसुद्यात मी 'तो व्यसनातून सुटला' असे लिहिले होते. त्याने ते वाचून खोडले आणि म्हणाला, "असं नका लिहू. आजचा दिवस गेला, एवढंच खरं आहे."

आता त्या बाईंचे सांगतो. पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. या वेळी पाळी बुडवून त्यांचे मालकही आले होते, पण दाराबाहेरच थांबले. मी बाहेर जाऊन म्हणालो, "दादा, आत या. माझाही मुलगा त्यातच होता." ते काही बोलले नाहीत. चपला काढल्या आणि आत आले. बाई म्हणाल्या, "भाऊ, बहिणीचा नाही, आमचाच हाय." दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे त्या मुलाला घेऊन ठाण्याला गेलो.

ज्यांना कोणाला विचारायचे आहे त्यांनी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलि-मानस क्रमांकही आहे. नाव सांगायला संकोच वाटला तर सुरुवातीला बहिणीचा मुलगा म्हणा, भावाचा म्हणा, पण फोन करा.

आणि निजामपुऱ्यातल्या, भिवंडीतल्या आई-वडिलांसाठी: रविवारी ग्रंथवाचन संपल्यावर आम्ही चार-पाच पालक विहाराच्या मागच्या खोलीत अर्धा तास बसतो. कोणत्याही समाजाचे असा, या. तिथे चहा असतो. भाषण नसते.

जयभीम.